मराठी बायबलच्या भाषांतरांची विश्वासार्हता आणि ‘खोट्या शिक्षकां’चा इशारा : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांत दहांपैकी सुमारे नऊ रहिवासी आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी या समाजांची घरातील बोली प्रमाण मराठी नव्हे. अशा पाड्यावर मराठी बायबल वाचले जाते तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात. मूळ ग्रीक तर दूरच, छापील मराठी पानही प्रत्येक श्रोत्याला पडताळता येईल असे नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 7व्या अध्यायात खोट्या संदेष्ट्यांविषयी आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायात खोट्या शिक्षकांविषयी इशारा आहे. शिक्षक खरा की खोटा हे ज्या ग्रंथावरून ठरवावयाचे, तो ग्रंथ कोणाच्या शब्दांत हाती आला याचा विचार त्यामुळे क्रमप्राप्त ठरतो.

या विचाराचा आरंभ गोव्यापासून करावा लागतो. 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने लॅटिन वल्गेट हीच प्रमाण संहिता ठरविली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘क्रिस्तपुराण’ हे म्हणूनच भाषांतर नसून ओवीबद्ध कथन आहे. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच योजला. नवख्रिस्ती श्रोत्याला ओळखीच्या शब्दातून अनोळखी अर्थाकडे न्यावे, ही त्यामागील भूमिका होय.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा मार्ग निराळा होता. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांच्या पुढाकाराने 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला. परंतु बंगालमध्ये बसून घडविलेली ती मराठी होती. 1813 मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनच्या गॉर्डन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले. 1826 मध्ये त्यांचा नवा करार छापून झाला. त्याच वर्षी नाशिककडून परतीच्या प्रवासात हॉल पटकीने मरण पावले. आधीचे भाषांतर अपुरे वाटल्यावाचून कोणी नवे भाषांतर करीत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी.

या परंपरेतील सर्वांत मूलगामी आक्षेप पंडिता रमाबाईंचा आहे. संस्कृत पांडित्यासाठी नावाजलेल्या या विदुषीने प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून तिच्यातील अनेक शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थभार वाहतात, असे मत मांडले. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच खिळे जुळविले आणि छपाईही केली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांना जो ओळखीचा शब्द पूल वाटला, तोच रमाबाईंना दिशाभूल करणारा वाटला. मात्र दोघांच्याही डोळ्यांसमोर सामान्य श्रोताच होता. रमाबाईंचे भाषांतर चर्चमध्ये रूढ झाले नाही, ही खेदाची बाब आहे.

शब्दनिवडीइतकाच संहितेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मार्काच्या शुभवर्तमानातील 16व्या अध्यायाची 9 ते 20 ही वचने सायनाय व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील दोन प्राचीन हस्तलिखितांत आढळत नाहीत. छापील मराठी आवृत्त्यांत ती आहेत. साप हाती धरले वा विष प्याले तरी अपाय होणार नाही, आजाऱ्यांवर हात ठेवताच ते बरे होतील, अशा आशयाचे अभिवचन याच भागात येते. अभ्यासकाच्या दृष्टीने हा तळटीपेचा विषय. परंतु भातशेतीच्या दिवसांत सर्पदंशाचे भय असलेल्या आणि दवाखाना दूर असलेल्या पाड्यावर ती तळटीप वाचून दाखविली जाते की गाळली जाते, यावर रुग्णाला दवाखान्यात नेण्याचा निर्णय अवलंबून राहू शकतो. भगताकडे जाण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हे अभिवचन एका मंत्राच्या जागी आलेला दुसरा मंत्र वाटणे अशक्य नाही. येथे भाषांतरकार चुकलेला नसतो. त्याने नोंदविलेली शंका मधल्या वाचकाने पुढे पोहोचविलेली नसते, आणि पेत्राच्या पत्रातील इशारा नेमका या मधल्या माणसाला लागू पडतो.

याच जिल्ह्यातील वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. 2020 मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. या कार्यामुळे बायबलचा मराठी साहित्यव्यवहारातील वावर वाढला, हे निर्विवाद. तथापि वसईची शतकानुशतकांची ख्रिस्ती वस्ती आणि जव्हारचा डोंगराळ पाडा यांत जिल्हा एक असला तरी वाचनाची परंपरा एक नाही. वसईच्या घरात ग्रंथ कपाटात असतो आणि प्रवचनानंतर तो उघडून पाहता येतो. पाड्यावर तो बहुधा प्रवचनकाराच्या पिशवीतून येतो आणि सभा संपल्यावर त्याच पिशवीतून परत जातो.