रियाझाच्या वह्या : व्हायोलिन शिकणाऱ्यांची रोजकीर्द



आपल्या जुन्या घरांतल्या गाण्याबजावण्याच्या आठवणी निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यांच्या हातात देवदत्त देणगीच होती हो!" बडोदा असो, इंदूर असो, ग्वाल्हेर किंवा बेळगाव असो, वाक्य तेच. घरात एखादा फोटो असतो, कुठल्या तरी जलशातलं पदक असतं, फार तर एखादी रेकॉर्ड. पण त्या माणसाने ते वाजवणं कमावलं कसं? रोज किती वेळ बसायचा, कुठे अडला, काय केल्यावर सुटला? हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

खरं म्हणजे पुष्कळदा हे सगळं लिहून ठेवलेलं असतं, रियाझाच्या वहीत. आणि नेमकी तीच वही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाते. आज या वह्यांबद्दल, आणि त्यातही व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या वह्यांबद्दल, थोडं सविस्तर लिहिते.

व्हायोलिनच का? कारण हे वाद्य शिकणाऱ्याला फार थोडा आधार देतं. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. पट्टी दाबली की स्वर येतो. व्हायोलिनला पडदा नाही. बोट केसभर पुढे-मागे झालं की स्वर बिघडला. शिवाय डावा हात स्वर शोधतो तेव्हा उजव्या हाताने गज सांभाळायचा. किती जोर, किती लांबी, एका गजात किती स्वर, हे सगळं एकाच वेळी. त्यामुळे काल जे जमलं ते आज जमेलच याची खात्री नाही. काल काय केलं होतं हे आठवावंच लागतं, आणि आठवण दगा देते. म्हणून वही.

हे वाद्य आपल्या मंडळींपर्यंत ज्या वाटांनी आलं, त्यांतल्या दोन सांगते. एक गोव्याची. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तिथे वाद्याबरोबरच कागदही हातात यायचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. मुंबईत त्यांच्याकडे लहानपणी व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले झाले. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव आलं ते यामुळेच.

दुसरी वाट तंजावरची, म्हणजे आपल्याच भोसल्यांची. सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना पाश्चात्त्य संगीताची आवड होती. त्यांनी जमवलेली त्या संगीताची लिखित पुस्तकं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्याच काळात दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितरांनी व्हायोलिन आपल्या संगीतात आणलं. तंजावरच्या चार प्रसिद्ध भावांपैकी वडिवेलू यांना त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. पण तिथे शिकणं मुख्यतः कानाने झालं. गोव्यात कागद आणि दक्षिणेत कान, असा साधारण फरक म्हणता येईल.

हिंदुस्थानी संगीतात तर लिहिण्याला उघड विरोधच होता. चीज गुरूच्या तोंडून घ्यायची आणि घोकायची, हा नियम. लिहून घेणाऱ्याला चोर समजत. त्यातही तथ्य होतं, कारण मींड, गमक, स्वराचं हलकं आंदोलन कागदावर उतरत नाही. पण ही पद्धत जो शिष्य गुरूच्या घरी राहून बारा-बारा वर्षं सेवा करू शकतो त्याच्यासाठी होती. दहा ते पाच कचेरीत बसणाऱ्या माणसाने काय करायचं?

इथे आमच्या बडोद्याचं नाव घ्यावंच लागेल. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली होती आणि तिच्यावर पाठ्यपुस्तकं लिहिली. तीच शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत शाखा झाली. सुरसागराच्या काठावरून जाताना आजही कुणाचं तरी वाद्य ऐकू येतं. याच बडोद्यात १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय काढलं. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या, पण परिणाम एकच झाला. सामान्य घरातला माणूस आठवड्यातून दोनदा शिकवणीला जाऊ लागला आणि मधल्या पाच दिवसांत गुरूच्या जागी वही आली.

भातखंड्यांची लिपी तशी सोपी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. दहा वर्षांचं पोरही आठवड्याभरात वाचायला शिकतं. पण ती चीज सांगते, चीज बसवायची कशी ते सांगत नाही. ते शिकणाऱ्याला स्वतःच टिपावं लागतं.

आणि टिपणं तर आपल्या रक्तात! बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर इथे आपले पूर्वज आले ते बरेचसे कारकून, फडणीस, दप्तरदार म्हणून. रोजचा व्यवहार तारखेवार लिहायचा ती रोजकीर्द. तोच व्यवहार ज्याच्या-त्याच्या खात्यावर चढवायचा ती खतावणी. माझे आजोबा संस्थानच्या एका कचेरीत हिशेबनीस होते आणि संध्याकाळी व्हायोलिन शिकत. त्यांनी रियाझालाही हाच हिशेब लावला.

त्यांच्या तीन वह्या आमच्याकडे आहेत. पुठ्ठ्यावर नंबर आहेत, ४, ७ आणि ९. म्हणजे निदान सहा तरी गेल्या. वाटण्या झाल्या, घर बदललं, कधी कुणाच्या हातून गेल्या ते आता कळायला मार्ग नाही. वही पुढून उघडली की रोजकीर्द : तारीख, किती वेळ, कोणते पलटे, कोणता राग, तार तुटली का, राळ संपली का. वही उलटी करून मागून उघडली की खतावणी : प्रत्येक अवघड जागेला वेगळं पान, आणि त्या जागेबद्दल जे जे करून पाहिलं ते एकाखाली एक.

सातव्या वहीतलं एक पान मी पुन्हा पुन्हा वाचते. बागेश्रीतली एक तान. त्यांचं व्हायोलिन सा-प-सा-प असं मिळवलेलं, म्हणजे मधला षड्ज दुसऱ्या तारेवर मोकळा आणि पंचम सर्वांत बारीक तारेवर मोकळा. बागेश्रीच्या आरोहात पंचम वर्ज्य. मध्यमावरून थेट धैवतावर जायचं, तेही तार बदलून. मोकळी पंचमाची तार वाजवता आली असती तर कानाला ताळा मिळाला असता, तो इथे मिळत नाही. पुढे तार षड्ज ओलांडून कोमल गंधाराला हात घालायचा म्हणजे अख्खा पंजा वर सरकवायचा, आणि परतताना तो नेमका मूळ जागी आणायचा. तान चुकत होती ती इथेच.

रोजकीर्दीत अकरा आठवडे रोज तीच तान. आधी भिंतीवरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात दोन स्वर, मग तीन, मग चार. चारला पुन्हा बिघडते. पुन्हा दोनवर. मध्ये चार दिवस कोरे, पुढे एका शब्दात कारण : ताप. मग एका आठवड्यात तान लिहिलेलीच नाही. त्या जागी फक्त दोन स्वर, षड्ज आणि गंधार, वर जाणं आणि खाली येणं, एका लांब गजात, डोळे मिटून, रोज पाव तास. त्यानंतरच्या मंगळवारी एकच शब्द : जमली.

खतावणीच्या पानावर त्याचा उलगडा आहे. बोटं चुकत नव्हती. पंजा खाली येताना ते अंगठा मागेच विसरत होते. अंगठा आधी सैल करायला शिकल्यावर बाकीचं आपोआप बसलं. गुरूंनी हे सांगितलं होतं की त्यांना स्वतःला सापडलं, ते लिहिलेलं नाही. पण आमच्या घरात "आजोबांच्या बोटांत उपजतच गोडवा" म्हणून जे सांगत आलेत, तो गोडवा अकरा आठवडे आणि एका अंगठ्याच्या हिशेबातून आला होता.

यात कमीपणा काय आहे? उलट मला आजोबा आत्ता कुठे भेटले असं वाटलं. माझी मुलगी व्हायोलिन शिकते. तिला "पणजोबांना देणगी होती" हे सांगितलं की तिचा चेहरा पडायचा, कारण आपल्याला ती नाही हे तिने मनात धरलं होतं. हे पान दाखवल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "अकरा आठवडे? मग माझे तर तीनच झालेत."

असं लिहिणं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इटलीतला थोर व्हायोलिनवादक तार्तिनी याने १७६० मध्ये व्हेनिसच्या मादालेना लोम्बार्दिनी या तरुण विद्यार्थिनीला एक पत्र लिहिलं. ती दूर होती, म्हणून शिकवणी पत्रातून. त्यात मोठमोठ्या गोष्टी नाहीत. गज हलका कसा धरायचा, मोकळ्या तारेवर आवाज अगदी बारीक सुरू करून हळूहळू कसा वाढवायचा, हे रोज तासभर करायचं पण एका बैठकीत नाही, सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं, एवढंच. ते पत्र पुढे छापलं गेलं आणि आजही व्हायोलिन शिकणारे वाचतात. दुसरीकडे बाखने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांची १७२० सालची त्याच्या हातची प्रत उपलब्ध आहे. स्वर सगळे आहेत, पण रियाझ कसा करायचा हे त्यात नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने शोधावं लागतं.

आपल्याकडेही हेच झालं. गजाननबुवा जोशी, गोव्याचे श्रीधर पार्सेकर, कोलकात्यात स्थायिक झालेले वि. गो. जोग यांनी व्हायोलिनला हिंदुस्थानी मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. त्यांचं वाजवणं ध्वनिमुद्रणांतून ऐकता येतं. पण जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्या तीन मिनिटांमागची वर्षं तबकडीवर नसतात. आणि ज्यांची तबकडी कधी निघालीच नाही, जे गणपतीत, कीर्तनात, नाटकाच्या साथीला वाजवत राहिले, अशा शेकडो मंडळींचा तर एकच पुरावा उरतो, आणि तो म्हणजे वही.

म्हणून कळकळीने सांगते. माळ्यावरची ट्रंक उघडाल तेव्हा मोडी किंवा बालबोध अक्षरात सा रे ग म लिहिलेली वही दिसली तर "आता कोण वाचणार" म्हणून टाकू नका. हैदराबादेत, इंदुरात वाढलेल्या आपल्या नातवंडांना मराठी अडखळत येत असेल, पण स्वरलिपी कळणाऱ्याला तान वाचता येते. वहीवर कोणाची, कोणत्या गावची, साधारण कोणत्या सालातली, हे पेन्सिलीने आत लिहा. प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कोरी पानंही सोडू नका, कारण रियाझ कधी थांबला हेही त्यातून कळतं. अनेकजण खुणा स्वतःच्या तयार करत, आजोबांनी मींडेला छोटी होडी काढलीय. त्या खुणांचा अर्थ सांगू शकणारं एखादं वडीलधारं माणूस असेल तर आजच विचारून घ्या. तो अर्थ दुसरीकडे कुठेही छापलेला नाही.

आणि घरात कोणी शिकत असेल तर त्यांच्या हाती नवी वही द्या. आता फोनवर रेकॉर्ड करता येतं, ते करावंच. पण फोन काय वाजलं ते सांगतो, कुठे अडलं आणि उद्या काय करून पाहायचं ते सांगत नाही. त्यासाठी तारीख घालून रोज दोन ओळी पुरेत. पुढून रोजकीर्द, मागून खतावणी.

आमच्याकडे दहावा नंबर घातलेली वही सुरू झाली आहे. तुमच्याकडे जुन्या किती निघतात ते जरूर कळवा. आणि आमच्या हरवलेल्या सहांपैकी एखादी कुणाच्या रद्दीतून निघाली, पुठ्ठ्यावर नंबर आणि आत मींडेच्या होड्या दिसल्या, तर तेवढी बाजूला काढून ठेवा.