किल्ला वाचायचा तर पोर्तुगीज

वसईच्या किल्ल्यात आपण जातो ते चिमाजी अप्पांसाठी. १७३९ चा विजय आठवतो आणि पडक्या चर्चच्या फरशीवरून चालत परततो. त्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर अक्षरं आहेत. पोर्तुगीजचे दोन शब्द पुरतात बघा: ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगं, ‘एर्देइरोस’ म्हणजे वारस. ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’, असा त्या काळचा रिवाजी मजकूर. म्हणजे १५३४ नंतर इथं वसलेली ही माणसं पुढच्या पिढ्यांचीही जागा इथंच धरून ठेवत होती! नुसत्या विजयाच्या गोष्टीत हे आपल्याला दिसत नाही. आणि ही भाषा काही दगडातच राहिली नाही. रेवदंड्याजवळ कोर्लईची ख्रिस्ती मंडळी तिच्यापासून झालेली बोली आजही बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’.