नदीची बदली

बँकेतल्या माणसाला जन्मभर एकच धास्ती असते, बदलीची. पण नदीचीही बदली होते, हे मला अमेरिकेत भाच्याकडे गेलो तेव्हा कळलं. त्याने आम्हाला दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात व्हिक्सबर्ग बघायला नेलं. गाव उंच टेकाडावर, खाली पाणी. धक्क्यावर उतरताच आमच्या सौ.नी पर्समधून नाणं काढलं, नदीला वाहिलं आणि हात जोडले.

"मामी, ही मिसिसिपी नव्हे," भाचा म्हणाला. "ही याझू. मिसिसिपीला इथून जाऊन शंभरावर वर्षं झाली."

"पण ही पुढे तिलाच मिळते ना?"

"हो, थोडं खाली."

"मग पोचेल," म्हणून सौ.नी पर्स मिटली. ड्राफ्ट कुठल्या शाखेवर काढलाय यापेक्षा तो वटतो की नाही हे महत्त्वाचं, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कळलं. तिला उपजतच ठाऊक.

तर ही नदी गेली कशी? १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात हे गाव गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचं. त्या वेळी मिसिसिपी गावासमोर घोड्याच्या नालेसारखं वळण घेई. टेकाडावर तोफा, त्यामुळे खालून जाणारं प्रत्येक जहाज आयतंच माऱ्यात. उत्तरेच्या सेनापतींनी डोकं चालवलं : नालेच्या मधली जमिनीची जीभ कालवा खणून कापायची, म्हणजे नदी सरळ निघून जाईल आणि गाव बसेल कोरडं! १८६२ च्या उन्हाळ्यात सैनिक आणि आसपासच्या मळ्यांवरून आणलेले गुलाम खणू लागले. चिखल, ऊन, ताप. माणसं पटापट मेली. १८६३ च्या सुरुवातीला जनरल ग्रँटसाहेबांनी काम पुन्हा काढलं. नदी हलली नाही. अर्ज नामंजूर.

शेवटी ग्रँट खालच्या अंगाने नदी ओलांडून गावाच्या पाठीमागून आले आणि त्यांनी ४७ दिवस वेढा घातला. लोक टेकाडाच्या पिवळ्या मातीत गुहा खणून राहिले. अन्न संपलं तेव्हा खेचराचं मांस खाल्लं. कागद संपला तेव्हा 'डेली सिटिझन' हे वर्तमानपत्र भिंतीला लावायच्या रंगीत कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर निघू लागलं. २ जुलैच्या अंकात संपादकांनी ग्रँटना टोमणा हाणला, की चार जुलैला आमच्याकडे जेवायचं म्हणता, पण ससा आधी पकडावा लागतो! ४ जुलै १८६३ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, गाव शरण आलं. छापखान्यात शिरलेल्या शिपायांना त्या अंकाचे खिळे जुळवलेलेच सापडले. त्यांनी खाली, ससा पकडला, अशा अर्थाचा मजकूर जोडून अंक छापून टाकला. दुसऱ्याच्या मसुद्याखाली शेरा मारण्याचं इतकं सुख आमच्या हेड ऑफिसलाही कधी मिळालं नसेल.

आणि नदी? युद्ध संपून अकरा वर्षं झाली, सगळे विसरले, आणि २६ एप्रिल १८७६ ला तिने ती जीभ आपणहून कापली आणि निघून गेली. तेव्हा ग्रँटसाहेब अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांची मुदत वर्षभराच्या आत संपणार होती. ज्यांनी सरकारदरबारी कधी अर्ज केलाय त्यांना यात नवल वाटणार नाही.

नदीच्या जिवावर जगणारं गाव नदीवाचून उरलं. अखेर इंजिनिअरांनी कालवा काढून याझूला जुन्या पात्रात आणलं, तेव्हा १९०३ साल उजाडलं होतं. मधल्या काळात, १८९४ साली, इथल्या जोसेफ बिडेनहार्न नावाच्या मिठाईवाल्याने तोवर पेल्यातूनच मिळणारं कोका-कोला पहिल्यांदा बाटलीत भरलं. त्याचं दुकान आता संग्रहालय झालंय. आम्ही तिथेही जाऊन प्यायलो. चव आपल्या नाक्यावरच्यासारखीच, पण इतिहासामुळे जरा जास्त गार लागलं.

संध्याकाळी रणभूमीलगतच्या सैनिकी दफनभूमीत गेलो. इथे उत्तरेचे सुमारे १७,००० सैनिक पुरलेत, त्यांत हजारो कृष्णवर्णीय. त्यांतल्या जवळजवळ १३,००० जणांची नावंच माहीत नाहीत. नाववाल्यांचे दगड उंच, कमानदार. बिननाववाल्यांचे गुडघ्याच्याही खाली, चौकोनी, वर फक्त नंबर. जन्म लेजर लिहिण्यात गेला माझा. खात्याला नंबर आहे आणि नाव नाही, हे बघून सवयीने हात पेनाकडे गेला. एवढी मोठी तफावत माझ्या टेबलावर आली असती तर मी घरी गेलो नसतो.

"आणि ते कालवा खणणारे गुलाम?" सौ.नी विचारलं. "ते कुठे आहेत?"

भाचा गप्प. कृष्णवर्णीय सैनिकांचं एक स्मारक रणभूमीवर २००४ साली उभं राहिलं, एवढं त्याने सांगितलं. त्यात दोन सैनिकांबरोबर एक शेतमजूरही आहे, मागे वळून बघणारा. पण कालव्यावर मेलेल्यांच्या नावाचे दगड आम्हाला दिसले नाहीत. नंबरसुद्धा नाहीत.

परतताना सौ.नी गाडी पुन्हा धक्क्यावर थांबवायला लावली. दुसरं नाणं काढलं.

"अगं, सकाळी दिलंस की!" मी म्हणालो.

"ते नदीला होतं," ती म्हणाली.