आईचे वण

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी घरातले जुने फोटो काढून बसले होते. माझ्या आईचा तरुणपणचा एकच फोटो आहे. तो १९४८ साली, लग्नानंतर, एका स्टुडिओत काढलेला. नातीला तो संगणकावर साफ करून हवा होता. ती म्हणाली, "आजी, पणजी काय सुंदर होती गं! चेहऱ्यावर एक डाग नाही."

मी गप्प राहिले. माझ्या आईला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर वण होते. ते कोणी न सांगता स्टुडिओवाल्याने पुसून टाकले होते.

ही पुसण्याची विद्या, म्हणजे रिटचिंग, जवळजवळ फोटोइतकीच जुनी आहे. १८५५ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फश्टेंगल यांनी एकाच व्यक्तीचे दोन फोटो शेजारी शेजारी मांडले, एक जसाच्या तसा आणि एक हात फिरवलेला. पाहणारे थक्क झाले. तिथून पुढे युरोपातल्या स्टुडिओंतून रिटचर नावाचा वेगळा कारागीरच तयार झाला.

त्याची कृती अशी. निगेटिव्हमध्ये काळे-पांढरे उलटे असते. कागदावर जी सुरकुती काळी उमटते, ती काचेवर फिकी दिसते. काच तिरप्या चौकटीत ठेवून मागून उजेड घ्यायचा, तिच्यावर राळ आणि टर्पेंटाइन यांचा पातळ हात द्यायचा आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक ठिपके भरत जायचे. ती जागा दाट झाली की छापताना गाल सपाट येतो.

हे सारे केवळ नटण्याच्या हौसेपायी झाले, असे मात्र मुळीच नाही. त्या काळच्या काचांना निळा रंग तेवढा नीट दिसे. तांबड्या-पिवळ्याला त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे गालांची लाली काळवंडून येई, उन्हाचे फिके डाग ठळक होत आणि आपल्या कपाळावरचे लाल कुंकू काळे कुळकुळीत उमटे. अशा वेळी रिटचर चेहऱ्यावर झालेला अन्याय दूर करी. पुढे १८७३ साली बर्लिनचे फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून काचेला आणखी रंग दिसतील अशी युक्ती शोधली आणि १९०६ साली इंग्लंडात सर्व रंग टिपणाऱ्या काचा विक्रीला आल्या. काचेचा दोष गेला. पण पेन्सिल थांबली नाही.

ती नाकारणारेही होते. कलकत्त्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना १८६३ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला. चेहरे गुळगुळीत करणे त्यांना पसंत नव्हते. शास्त्रज्ञ हर्शेल यांच्या १८६७ सालच्या फोटोत त्यांनी म्हातारपणाची एकेक रेघ राहू दिली.

आपल्याकडे फोटो लवकर आला. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. १८९२ साली लाला दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. पुढे मुलीचा दाखवायचा फोटो ही घरोघरची गरज झाली. मग वण जात, तीळ जात, हनुवटीवरचे गोंदण जाई आणि रंग एक पायरी उजळे.

एकदा मी आईला विचारले, "तुला आवडतो का गं हा फोटो?" ती म्हणाली, "फोटो छान आहे, बाई दुसरी आहे." तरी तिने तो भिंतीवरून कधी उतरवू दिला नाही. त्या काळी वणांवरून काय काय ऐकून घ्यावे लागत असे, ते तिचे तिलाच ठाऊक.

१९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही. १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आई गेली आणि माझ्या ध्यानात आले, की तिचे ते वण आता कुठेच उरलेले नाहीत.

आज तर फोन आपण होऊनच कातडी मऊ करतो. घरच्या माणसांच्या फोटोपुरता मी एक नियम ठरवला आहे. जे आठ दिवसांत जाईल, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, घामाची चकाकी, ते खुशाल काढावे. जे जन्माचे सोबती, म्हणजे तीळ, वण, गोंदण, सुरकुत्या, त्यांना हात लावू नये. आणि लावायचाच, तर ज्याचा चेहरा त्याला विचारून लावावा.

नातीने फोटोवरची बुरशी आणि दुमडीची रेघ तेवढी काढली. मागच्या पुठ्ठ्यावर मी शाईने लिहिले: हिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर देवीचे वण होते.