बोलोन्या प्रक्रिया : पदव्यांच्या परस्परमान्यतेचा युरोपीय प्रयोग

इटलीतील बोलोन्या येथे १९ जून १९९९ रोजी २९ युरोपीय देशांच्या मंत्र्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यातून उच्च शिक्षणाच्या सुधारणेचा जो आंतरशासकीय उपक्रम उभा राहिला, तो 'बोलोन्या प्रक्रिया' या नावाने ओळखला जातो. परंपरेने इ. स. १०८८ पासून आपला इतिहास सांगणाऱ्या विद्यापीठाच्या या गावी तो आरंभला जावा, हे औचित्याचेच होते. त्याची नांदी मात्र पॅरिसमध्ये झाली होती. २५ मे १९९८ रोजी फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन या चार देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी 'सोर्बोन जाहीरनामा' प्रसृत केला होता.

त्या काळी युरोपातील पदव्यांचा एकमेकींशी मेळ नव्हता. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत पहिली पदवी मिळे. जर्मनीतील 'डिप्लोम' किंवा 'मागिस्टर'साठी पाच-सहा वर्षे सलग अभ्यास करावा लागे. मध्येच सोडणाऱ्याच्या हाती पदवी म्हणून काहीच पडत नसे. इटलीच्या 'लाउरेआ'ची तऱ्हा साधारण तशीच होती. सीमा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याची वर्षे त्यामुळे वाया जात.

यावर उपाय म्हणून प्रथम पदवी आणि पदव्युत्तर पदवी असे दोन टप्पे ठरले. २००३ च्या बर्लिन परिषदेत डॉक्टरेटचा तिसरा टप्पा जोडला गेला. श्रेयांकांची पद्धत 'इरॅस्मस' या विद्यार्थी-विनिमय योजनेत १९८९ पासून अजमावली जात होती, तीच सर्वत्र स्वीकारण्यात आली. पूर्णवेळ अभ्यासाच्या एका वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचे श्रम, असे हे माप आहे. त्यात वर्गातील तासांबरोबरच ग्रंथालयातील वाचन आणि परीक्षेची तयारीही धरली जाते. अध्यापकाने किती शिकवले याऐवजी विद्यार्थ्याने किती कष्ट घेतले, हे मोजण्याची ही रीत या सुधारणेतील सर्वांत मोलाची बाब म्हणावी लागेल.

विशेष म्हणजे, ही प्रक्रिया कोणत्याही देशावर कायद्याने बंधनकारक नाही. शिक्षणविषयक कायद्यांचे एकसारखेकरण करण्याचा अधिकार युरोपीय संघाला त्याच्या करारांनीच नाकारला आहे. म्हणून सरकारांनी संघाच्या चौकटीबाहेर, स्वेच्छेने हा मार्ग पत्करला. परिणामी तुर्कस्तान, रशिया आणि कझाकस्तान यांसारखे संघाबाहेरचे देशही सामील होऊ शकले. २०२० मध्ये सान मारिनोच्या प्रवेशाने सदस्यदेशांची संख्या ४९ झाली.

स्वेच्छेच्या या तत्त्वाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांना सोसावी लागली. जर्मनीत अनेक ठिकाणी जुना दीर्घ अभ्यासक्रम तीन वर्षांत कोंबण्यात आला. परीक्षांचा मारा वाढला आणि २००९ मध्ये विद्यार्थी मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. वैद्यक आणि विधी या शाखांनी तेथे आपली जुनी राज्यपरीक्षा सोडलेली नाही, हेही बोलके आहे. पदव्यांच्या मान्यतेसाठी १९९७ चा लिस्बन करार आहे, आणि तो मात्र बंधनकारक आहे. परदेशी पदवी नाकारायची तर अभ्यासक्रमांत लक्षणीय फरक असल्याचे नाकारणाऱ्यानेच सिद्ध करावे, असे तो सांगतो. तरीही 'आमचा अभ्यासक्रम वेगळा' हे विभागप्रमुखाचे उत्तर अनेकांना ऐकावे लागते. २०२० पर्यंत दर शंभर पदवीधरांमागे किमान वीस जणांनी परदेशात शिक्षण घेतलेले असावे, हे २००९ मध्ये ठरवलेले उद्दिष्टही साध्य झाले नाही.

युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशिया व बेलारूस यांचे प्रतिनिधित्वाचे हक्क स्थगित करण्यात आले. रशियाने त्याच वर्षी या पद्धतीपासून फारकत घेण्याचे जाहीर केले.

भारत या प्रक्रियेचा सदस्य नाही. मात्र २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यामुळे तुलनेला आधार मिळाला आहे. येथे वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तास धरले जातात. युरोपात १५०० ते १८००. तीन वर्षांची पदवी घेऊन पुण्याहून जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या किमान १२० श्रेयांकांना तिकडच्या १८० च्या बरोबरीचे मानायचे की नाही, हे तेथील विद्यापीठच ठरवते.