अमेरिकेत डिझेलची मोटार का रुजली नाही?

ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, मालमोटारही डिझेलवरच. अमेरिकेतही हेच दिसते. मग तेथे घरच्या मोटारी मात्र बहुतेक पेट्रोलच्या का बरे?

पहिले कारण पैशाचे. युरोपातील बऱ्याच देशांनी डिझेलवर कर कमी ठेवला. अमेरिकेत याच्या उलट. तेथे १९९३ पासून केंद्र सरकारचा कर गॅलनमागे पेट्रोलवर १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट. डिझेलची मोटार घेतानाही महाग. मालमोटार रात्रंदिवस धावते, म्हणून तिचा जादा खर्च भरून निघतो. घरच्या मोटारीचा निघेलच असे नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट विश्वासाची. १९७३ साली तेलटंचाई आली, पेट्रोलसाठी रांगा लागल्या. तेव्हा जनरल मोटर्स कंपनीने १९७८ च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिल मोटारीत डिझेल इंजिन बसविले. आता पाहा, पेट्रोल ठिणगीने पेटते. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा खूप दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. एवढा दाब सोसायला इंजिनाचे हेड घट्ट आवळलेले हवे. या इंजिनात बोल्टांची संख्या नि मांडणी पेट्रोलच्या इंजिनासारखीच राहिली. डिझेलमधले पाणी वेगळे काढण्याची सोयही नव्हती. हेडची गॅस्केटे फुटली, पंप बिघडले, लोक हैराण झाले. १९८१ साली शंभर नव्या मोटारींत सुमारे सहा डिझेलच्या होत्या. पुढे तो आकडा घसरला आणि १९८५ मध्ये हे इंजिन बंद झाले.

डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे जास्त असतात. २००४ पासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमांनी पेट्रोल नि डिझेल दोहोंना एकच कडक मोजमाप लावले. फोक्सवॅगन कंपनीने ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून मोटारी विकल्या. पण सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की, मोटारीतली संगणक-आज्ञावली तपासणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करीत असे. रस्त्यावर तो मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जाई. अशा मोटारी पहिल्याच मोजणीत सुमारे ४,८२,००० निघाल्या.

गुरुजींनी वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा: यात दोष डिझेलचा किती, नि माणसांचा किती? एकदा घाईने घात केला, एकदा लबाडीने. आणि ज्याचे पैसे एकदा बुडाले, तो गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी सहसा पुन्हा चढत नाही.