नगरचे अच्युतराव: बाहेर राहिलेला नेता

पुढाऱ्याचं चरित्र सांगताना आपण साधारणपणे पदं मोजतो. आमदार कधी झाले, मंत्री कधी झाले, खातं कोणतं मिळालं. आज मात्र अशा नेत्याविषयी बोलायचं आहे, ज्याच्या बाबतीत ही पद्धत चालतच नाही. ते आपल्याच नगरचे. अच्युतराव पटवर्धन.

सुरुवात भिंगारजवळच्या किल्ल्यापासून करू. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना अटक झाली आणि त्यांना नगरच्या किल्ल्यात आणलं गेलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी बारा माणसं तिथे होती. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं ते इथेच, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण गंमत बघा. देशाचे नेते नगरमध्ये कैदेत, आणि मूळ नगरचा नेता बाहेर, भूमिगत! आसफ अली किल्ल्यात होते आणि त्यांच्या पत्नी अरुणा असफ अली अच्युतरावांसारख्याच भूमिगत राहून लढा चालवत होत्या.

आता थोडं मागे जाऊ. अच्युतरावांचा जन्म १९०५ चा, नगरमधला. वडील हरि केशव पटवर्धन वकील होते. थोरले बंधू रावसाहेब, तेही पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरले. अच्युतराव बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात अर्थशास्त्र शिकले आणि तिथेच शिकवू लागले. घरावर आणि त्या कॉलेजावरही थिऑसॉफीचा संस्कार होता. म्हणजे मूळ पिंड अभ्यासकाचा, शिक्षकाचा. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१९३२ मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अशोक मेहता, एसेम जोशी, ना. ग. गोरे यांच्याबरोबर ज्या चर्चा झाल्या, त्यांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९३६ मध्ये नेहरूंनी कार्यकारिणीत तिघा समाजवाद्यांना घेतलं, त्यात अच्युतराव होते. वय एकतीस!

मग आलं बेचाळीस. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, त्याच्या पाठीशी असलेल्या भूमिगत नेत्यांमध्ये अच्युतरावांचं नाव घेतलं जातं. सरकारला ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. १९४६ मध्ये ते उघडपणे लोकांसमोर आले, तेव्हा तरुणांच्या दृष्टीने ते बेचाळीसचे नायक होते.

इथून पुढचा रस्ता कुणालाही सरळ दिसला असता. १९४८ मध्ये समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले, स्वतंत्र पक्ष म्हणून उभे राहिले. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. आणि १९५० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, अच्युतरावांनी राजकारण सोडलं.

काही जण म्हणतील, पक्ष हरला म्हणून सोडलं असेल. तारखा तसं सांगत नाहीत. समाजवादी पक्षाचा पराभव झाला १९५१-५२ च्या निवडणुकीत, लोकसभेत जेमतेम बारा जागा मिळाल्या. अच्युतराव त्याआधीच निघाले होते. ते बनारसला परतले आणि १९६६ पर्यंत पुन्हा शिकवत राहिले. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांशी आणि शिक्षणकार्याशी त्यांचा घनिष्ठ संबंध राहिला.

यावर आक्षेपही घेता येतो, आणि तो खोटा नाही. नव्या देशाला, विरोधी पक्षाला अशा माणसाची गरज होती. चांगल्यांनी बाहेर पडायचं, तर आत उरणार कोण? पण दुसरी बाजूही बघा. शिक्षक म्हणून निघालेला माणूस लढ्यासाठी आला, जीव धोक्यात घालून लढला आणि काम संपलं असं वाटल्यावर परत वर्गात गेला. केलेल्या त्यागाची किंमत त्याने वसूल केली नाही.

५ ऑगस्ट १९९२ रोजी वाराणसीत त्यांचं निधन झालं. बेचाळीसच्या लढ्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला चारच दिवस उरले होते. किल्ल्यातल्या बारा जणांची नावं आपण सांगतो. यापुढे तिथे पाहुण्यांना घेऊन जाल, तेव्हा बाहेर राहिलेल्या या तेराव्याचंही नाव सांगा.